नंतर कापता येईल

१

शामराव टिपणीसांकडे काळ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे होते, काटकोनात कापलेले. दर दुसऱ्या रविवारी ठाकूरद्वारच्या त्यांच्या घरी फोटोवाली मंडळी जमली की ते एकेकाचा फोटो टेबलावर ठेवत आणि ते दोन तुकडे त्यावर सरकवत बसत. इकडून थोडं झाक, तिकडून थोडं. भेळेची गाडी गेली, कुणाचं तरी कोपर गेलं, कचऱ्याचा डबा गेला. मग उरलेल्या चौकोनात सूर्य एकदम वेगळाच दिसायला लागे.

"समुद्र सगळ्यांना फुकट आहे," ते म्हणत. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं असे. "काय ठेवायचं ते मागाहून ठरवा. आधी काय काढायचं ते बघा."

दर्शना पेडणेकरला हे पटकन जमलं होतं. परळच्या विमा कंपनीत फायली बघणारी बाई, वय सत्तेचाळीस, घर दादरला, चौपाटीपासून चालत सात मिनिटांवर. नवऱ्याने, हितेंद्रने, वाढदिवसाला कॅमेरा दिला आणि तिचा रोजचा क्रम ठरून गेला: ऑफिस, घर, चहा, चौपाटी, मावळती. क्षितिज मधोमध घ्यायचं नाही, खालच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवायचं. सूर्य एका बाजूला. उरलेली जागा मोकळी.

तो क्रम गेल्या डिसेंबरात तुटला. सासूबाई समुद्रात बुडून गेल्या आणि दर्शनाने कॅमेरा कपाटात ठेवला. शामरावांच्या फोटो-मंडळातही जाणं सोडलं. अकरा महिन्यांनी शामरावांचा फोन आला, दादरला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पाच दिवसांचं प्रदर्शन लावतोय, तुझा एक तरी पाहिजे. तिने दोन दिवस विचार केला आणि एक पाठवला.

सोमवारी संध्याकाळी ती कुकर लावत असताना त्यांचा पुन्हा फोन आला.

"दर्शना, तुझा घेतला. तीन फुटी करतोय. खरं सांगू, नुसता सूर्यास्त असता तर घेतला नसता. त्या म्हाताऱ्या बाईंमुळे घेतला."

"कुठल्या बाई?"

"अगं, डावीकडच्या. पाठमोऱ्या. जरा कडेला गेल्यात, पण चालतंय."

कुकरची शिटी झाली. तिने गॅस बंद केला आणि फोन कानाला तसाच धरून उभी राहिली. त्या फोटोत बाई नव्हती. असणं शक्यच नव्हतं. ती तिने स्वतःच्या हाताने कापून टाकली होती.

२

त्या डिसेंबरातल्या संध्याकाळची हकीगत दर्शनाने सगळ्यांना एकाच पद्धतीने सांगितली होती. आपण चहा आणायला गेलो, आईंना शेवंतीजवळ बसवलं होतं, परत आलो तर शेवंती मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली आणि आई जागेवर नाहीत.

शेवंती ही सासूबाईंना सांभाळायला ठेवलेली बाई. घोडपदेवहून यायची. सुभद्राबाईंचं डोकं हळूहळू पुसलं जात होतं. हितेंद्रचं नाव विसरल्या, पण माहेरचा, मालवणकडचा समुद्र विसरल्या नाहीत. म्हणून दर्शना त्यांना आणि शेवंतीला घेऊन चौपाटीवर जायची.

खरं वेगळं होतं. चहाला गेली होती शेवंती. दर्शनानेच पाठवलं होतं. "दोन कटिंग आण गं, आईंना अर्धा." पूर्ण ओहोटी होती, ओल्या वाळूत आख्खं आभाळ उतरलं होतं, सी-लिंकच्या तारांमागे केशरी आणि त्याखाली जांभळा असा उजेड पडला होता की तसा तिने आधी कधी पाहिला नव्हता. तिने कॅमेरा डोळ्याला लावला. शेजारी कट्ट्यावर सुभद्राबाई उठून उभ्या राहिल्या.

"तो बघ गो, बापूस इलो."

त्यांचे वडील जाऊन पन्नास वर्षं झाली होती. "हो आई, बसा तुम्ही," दर्शना म्हणाली. डोळा कॅमेऱ्यावरून हलला नाही.

मग चौकटीत डावीकडून त्या आल्या. पांढरी साडी, चपला काढून हातात घेतलेल्या, पाठमोऱ्या, सरळ पाण्याकडे. दर्शनाला त्या दिसल्या. नीट दिसल्या. पुढे वर्षभर तिने स्वतःला हजार वेळा सांगून पाहिलं की आपल्याला दिसलंच नाही, पण ते खोटं होतं. दिसल्या, आणि मनात अगदी स्वच्छ शब्दांत विचार आला: नंतर कापता येईल. तिने बटण दाबलं. त्यानंतर त्या पुन्हा मध्ये येऊ नयेत म्हणून कॅमेरा थोडा उजवीकडे वळवला आणि आणखी अकरा फोटो काढले.

कॅमेरा खाली केला तेव्हा डावीकडे नुसतं पाणी होतं.

हितेंद्र दुकान टाकून धावत पोलीस चौकीवर आला. "आईजवळ कोण होतं?" त्याने विचारलं आणि दर्शनाच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला, "शेवंती." त्या एका शब्दाला मग बाकीचे शब्द जोडावे लागले. शेवंती खरं काय ते रडत सांगत राहिली. तिचं कुणी ऐकलं नाही. हितेंद्र, जो कधी कुणाला मोठ्याने बोलत नसे, तो तिला चौकीत चारचौघांसमोर नाही नाही ते बोलला. बिल्डिंगमधली तिची दुसरी दोन कामंही गेली. सुभद्राबाई तिसऱ्या दिवशी माहीमच्या कोळ्यांना सापडल्या.

तेराव्याची माणसं पांगल्यावर संध्याकाळी दर्शनाने कॉम्प्युटर लावला. उजेड त्या पहिल्या फोटोत होता तसा पुढच्या अकरांत नव्हता. तिने डावीकडचा तिसरा हिस्सा कापला, क्षितिज सरळ केलं, आणि मूळ फोटो पुसून टाकला. कॅमेऱ्यातलं कार्डही कचऱ्यात टाकलं. कापलेला मात्र ठेवला. का ठेवला, याचं उत्तर तिला ठाऊक होतं, आणि त्या उत्तराची तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती. तो फोटो चांगला होता.

३

बुधवारी प्रदर्शन उघडलं तेव्हा ती मुद्दाम उशिरा गेली. लांबट खोली, दोन्ही भिंतींवर सूर्यच सूर्य, वर तीन पंखे, दाराजवळ टेबलावर अभिप्रायाची वही. टेबलाशी मंडळातली मेघना बसली होती.

दर्शनाचा फोटो टोकाच्या भिंतीवर एकटा लावला होता. ती जवळ गेली. ओली वाळू, केशरी, जांभळं, तारा, सूर्य. डावीकडची जागा रिकामी. तिने सुटकेचा श्वास सोडला. सोमवारपासून तिने पाठवलेली फाईल दहा वेळा उघडून बघितली होती, तिच्यातही कुणी नव्हतं. शामरावांनी दुसऱ्याच कुणाच्या फोटोशी गल्लत केली असणार.

"बघतेस काय, छान आलाय," मागून शामराव म्हणाले. त्यांच्याबरोबर एक वयस्कर जोडपं होतं. "हे विचारत होते, या बाई ओळखीच्या का?"

"या चालल्यात ना," जोडप्यातल्या बाई म्हणाल्या, "तशा माझ्या आत्या चालायच्या. एक खांदा खाली टाकून."

दर्शनाने तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी थट्टा करत नव्हतं.

"सर, कुठे आहेत त्या? बोट ठेवून दाखवा ना."

शामराव हसले. त्यांना वाटलं ती त्यांची परीक्षा घेतेय. त्यांनी तर्जनी काचेवर टेकवली. "हे बघ. बरोबर तिसऱ्या हिश्शाच्या रेघेवर. मान थोडी पुढे. हातात काहीतरी आहे, चपला असाव्यात."

त्यांच्या बोटाखाली वाळू होती. वाळू आणि तिच्यातलं आभाळ. चपलांचं दर्शना पोलिसांनाही बोलली नव्हती.

"उत्तम टिपल्यास," शामराव म्हणाले. "दुसरा कुणी असता तर कापून टाकल्या असत्या."

४

गुरुवारी ऑफिसातून ती थेट लालबागला हितेंद्रच्या चष्म्याच्या दुकानात गेली. डोळे तपासा म्हणाली. त्याने गिऱ्हाईक नव्हतं म्हणून शटर अर्धं ओढलं, तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत उंच खुर्चीवर बसवलं आणि पाटी लावली. तिने शेवटची ओळ सहज वाचली. त्याने उजवा डोळा झाकला, डावा झाकला, मग स्वतःचं बोट तिच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणलं.

"दिसलं की सांग."

"दिसलं."

"डावीकडे?"

"दिसलं."

"काही झालेलं नाही तुला. जवळचा नंबर पाव वाढलाय." त्याने दिवा लावला. "काय दिसत नाही असं वाटतं?"

ती खुर्चीवरून खाली उतरली. हितेंद्र काचा पुसून डब्यात एकेक ठेवत होता. वर्षभरात त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते. चौपाटीकडे तो फिरकला नव्हता. भाजी आणायचीसुद्धा लांबच्या रस्त्याने.

"रविवारी येतो मी तुझा फोटो बघायला," तो म्हणाला. "समुद्राचा आहे म्हणून टाळत होतो. पण तू परत हे सुरू केलंस, बरं वाटलं. आईला पण आवडायचं तुझं ते कॅमेरा घेऊन उभं राहणं. सगळ्यांना सांगायची, सून माझी सूर्य पकडते."

पर्समध्ये फोन थरथरला. मेघनाचा निरोप होता. "दर्शनाताई, आज सगळे विचारतायत त्या आजी वळून कुणाकडे बघतायत. काल पाठमोऱ्या होत्या ना? का माझाच काहीतरी घोळ होतोय?"

५

शुक्रवारी तिने अभिप्रायाची वही मागच्या पानांपासून वाचून काढली. बुधवारच्या पानावर कुणी लिहिलं होतं, समुद्राकडे निघालेली पाठमोरी आजी मनातून जात नाही. गुरुवारी एका वळणदार अक्षरात: या बाई मागे वळून कुणाची वाट बघतात हा प्रश्न घरी घेऊन चाललो. आणि शुक्रवारचं, शाई अजून ताजी: सूर्याकडे पाठ करून आपल्याकडे येणाऱ्या बाई. चेहरा अंधारात ठेवलात ते योग्य केलंत.

आपल्याकडे येणाऱ्या. तिने ते दोन शब्द परत परत वाचले.

ती शामरावांकडे गेली. फोटो उतरवू या म्हणाली, क्षितिज डावीकडे झुकलंय, मला आत्ता कळलं. शामरावांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं. "क्षितिज सरळ आहे. तू घाबरल्येस कशाला? पहिल्यांदा लागलाय म्हणून होतं असं." रविवारी संध्याकाळपर्यंत एकही चौकट हलणार नाही, हेही त्यांनी वर सांगितलं.

शनिवारी चारच्या सुमारास खोली रिकामी होती. मेघना पाणी भरायला खाली गेली होती. वीज गेली म्हणून पंखे थांबले होते, खिडक्यांतून रस्त्यावरचा उजेड येत होता तेवढाच. दर्शना फोटोसमोर उभी राहिली. घाबरायचं काय त्यात, तिने स्वतःला विचारलं, मला तर काहीच दिसत नाही. वाळू, आभाळ, तारा.

पंखे बंद असल्यामुळे ऐकू आलं. कुणीतरी श्वास घेत होतं. खूप चालून आलेलं म्हातारं माणूस घेतं तसा, थांबून थांबून, नाकातून. ती वळली. मागे दारापर्यंत कुणी नव्हतं. ती पुन्हा फोटोकडे वळली तेव्हा तो आवाज समोरून येत होता, काचेमागून, तिच्या तोंडाच्या उंचीवरून.

ती मागे सरकत सरकत टेबलापर्यंत आली. वहीवर आजच्या तारखेखाली एकच ओळ होती, लहान मुलाच्या अक्षरात. आजी ओली का आहे?

मेघना बाटल्या घेऊन वर आली आणि दारातच थांबली. "ताई, मी आज त्या भिंतीकडे पाठ करून बसल्ये," ती हळूच म्हणाली. "एवढा जवळून चेहरा कसा काय घेतलात तुम्ही?"

६

रविवारी हितेंद्रने इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत त्याने शामरावांसाठी पेढे घेतले. रात्रभर दर्शनाने तोंड उघडायचं ठरवलं होतं, सकाळी चहाच्या वेळी ठरवलं होतं, पेढेवाल्याच्या दुकानातही ठरवलं होतं. हितेंद्र जिना चढून खोलीत शिरला तेव्हाही ती ठरवतच होती.

तो टोकाच्या भिंतीशी गेला. दर्शना चार पावलं मागे उभी राहिली. तिने त्याच्या मानेकडे बघितलं, मान आता कशी ताठ होईल, तो कसा वळेल, याची वाट बघत. मिनिट गेलं. दोन गेली.

"छान आहे," तो म्हणाला. "एकदम मोकळं. कुण्णी नाही त्यात."

शामरावही पुढे आले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "सकाळी दार उघडल्यापासून मी तेच बघतोय," ते पुटपुटले. "त्या बाई... मेघना, काल होत्या ना इथे?"  मेघनाने वही मिटून घेतली.

त्या फोटोत कुणी नव्हतं. आता कुणालाच काही दिसत नव्हतं. दर्शनाला हलकं वाटायला हवं होतं. पण तिला सारखं वाटत होतं की खोलीत आपण पाच जण आहोत, आणि मोजले तर चारच भरत होते.

"कधीचा गं हा?" हितेंद्रने सहज विचारलं.

आधीचा, असं म्हणता आलं असतं. त्याच्या आदल्या वर्षीचा. त्याने विश्वास ठेवला असता, तो नेहमीच ठेवायचा. तिने तोंड उघडलं आणि वर्षभर गिळलेलं बाहेर आलं.

"त्या दिवशीचा. चहाला शेवंती गेली होती. मी पाठवलं होतं. मी फोटो काढत होते. आई या फोटोत होत्या, इथे, डावीकडे. पाण्याकडे चालल्या होत्या. मला दिसत होत्या. मी म्हटलं, नंतर कापता येईल."

शामराव एक पाऊल मागे झाले. हितेंद्रने हातातली पेढ्यांची पुडी दाराजवळच्या टेबलावर नेऊन ठेवली, अगदी सावकाश. तो ओरडला नाही. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"शेवंतीला मी काय काय बोललो," तो म्हणाला. मग दाराकडे वळून म्हणाला, "चल."

७

टॅक्सीत तो ड्रायव्हरच्या शेजारी बसला. दर्शना मागे एकटी होती, तरी दाराला चिकटून, अंग चोरून बसली. शेजारची जागा तिने का मोकळी सोडली ते तिला सांगता आलं नसतं. भायखळ्याच्या पुलाखालून गाडी घोडपदेवकडे वळली. खिडक्यांच्या काचा बंद होत्या आणि आत खाऱ्या, कुजकट पाण्याचा वास येत होता. ड्रायव्हरने दोनदा काच खाली केली.

शेवंतीची खोली तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. आता ती एका पोळीभाजी केंद्रासाठी घरी चपात्या लाटून द्यायची. दार उघडंच होतं. ती पोळपाटावरून उठली, पिठाचे हात पदराला पुसत उंबऱ्यापाशी आली, आणि दोघांना बघून तिचा चेहरा आवळला गेला.

"शेवंती," दर्शना म्हणाली. मान आपोआप खाली गेली. "त्या दिवशी चहाला तू गेली होतीस. मी खोटं बोलले. यांना आत्ता सांगितलं मी."

"मी तेव्हाच सांगितलं होतं ताई," शेवंती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "सगळ्यांना सांगितलं होतं."

"मला माफ कर," हितेंद्र म्हणाला.  "शेवंती, मी तुला..."

  शेवंती दोघांच्या मधून पलीकडे बघत होती. हळूहळू तिने पदर डोक्यावर घेतला. आत गेली, तांब्या भरून घेऊन आली.  ती बोलली तेव्हा तिचा आवाज तोच होता, दोन वर्षं रोज सकाळी दादरच्या घरात ऐकू यायचा तो, लहान मुलाला समजावल्यासारखा.

"तीन जिने चालवत आणलंत होय त्यांना? या आजी. पाय किती वाळूने भरलेत. थांबा, धुऊन देते, मग आत या."

हितेंद्रने गॅलरीचा कठडा धरला. तो वळला नाही.

शेवंती खाली वाकली आणि पाणी ओतू लागली. पाणी फरशीवरून दर्शनाच्या चपलांपर्यंत आलं. त्यात वाळू होती, काळपट, बारीक. दर्शनाची नजर त्या पाण्यामागे गेली. डावीकडे हितेंद्रचे बूट. इकडे आपली पावलं. आणि दोघांच्या मधे दोन अनवाणी पाय, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखे पांढरे, सुरकुतलेले, घोट्यापर्यंत. त्याच्या वर पांढऱ्या साडीचा भिजलेला काठ, बोटभर. त्याच्याही वर बघायला मान उचलावी लागली असती.

"ताई, वर बघा की," शेवंती म्हणाली. "किती वेळच्या तुमच्याच तोंडाकडे बघतायत त्या."

दर्शनाला मान वर करता आली नाही. ती त्या पायांकडे बघत राहिली, आणि शेवंती पाणी घालत राहिली, पण वाळू काही संपेना.